वकीलबाबांची जागा

लोणावळं

नागपूरचा माणूस चैत्रात लोणावळ्याला निघाला की लोक समजतात, हवा खायला चालला. मीही कोणाचा गैरसमज दूर केला नाही. खरं कारण सांगितलं असतं तर हसले असते. मी मावळात घर बांधायला जागा बघायला निघालो होतो, आणि तीही लोणावळ्यात नव्हे. तुंगार्लीच्या मागचा डोंगर ओलांडला की उंबरदरा नावाचं गाव लागतं. तिथे बाजार नाही, दवाखाना नाही, आणि पावसाळाभर कपडे वाळत नाहीत. मला तिथे राहायचं होतं.

माझी उमेदीची सगळी वर्षं नागपुरात मुलांना इंग्रजी शिकवण्यात गेली. इतकी वर्षं राहूनही तिथे मी 'पुण्याकडचे मास्तर'. मूळ घर तळेगावचं. ते भावाभावांच्या वाटण्यांत विकलं गेलं आणि आता तिथे भुसाराचं दुकान आहे. तळेगावात गेलो की लोक म्हणतात, 'नागपूरचे पाहुणे आले.' पेन्शन घेतल्यावर माझ्या मनाने घेतलं की आता उरलेले दिवस तरी कुठल्या एका गावचं होऊन काढावेत. बायको म्हणाली, "आधी जागा बघून या, मग भांडी बांधू." लग्न झाल्यापासून तिने माझ्या बेतांवर दिलेला हा सर्वांत अनुकूल अभिप्राय होता.

नागपूर ते कल्याण या प्रवासात उकाड्याशिवाय काही नाही, म्हणून तो गाळतो. कर्जतनंतर मात्र मी खिडकी सोडली नाही. माझ्या तरुणपणी घाटात एका जागी गाडी थांबायची, इंजिन मागचं पुढे व्हायचं आणि गाडी उलटी चालायला लागायची. नवखा प्रवासी घाबरून विचारायचा, मुंबईला परत चालली की काय. आता विजेचं इंजिन आहे, गाडी थेट वर चढते. धूर नाही, कोळशाचे कण डोळ्यांत नाहीत, आणि कोणी घाबरतही नाही. सोय झाली खरी, पण मला चुकल्यासारखं झालं. लोणावळ्याच्या फलाटावर गुडदाणी घेतली आणि पहिल्याच घासाला दाढेचा एक कोपरा तुटला. तरुणपणी ज्या दाताने खाल्ली त्याच दाताने म्हातारपणी खायला जाऊ नये, एवढा धडा घेऊन मी टांग्यात बसलो.

तुंगार्ली

टांगेवाल्याला मी बंगल्याचं नाव सांगितलं, त्याला कळलं नाही. मग म्हटलं, चिनी वकिलाचा बंगला. तो लगेच म्हणाला, "मंग आसं सांगा की." त्याचा जन्मही झाला नसेल त्या काळातली ही गोष्ट, पण नाव टिकलंय. ते नाव मीच दिलेलं, त्यामुळे थोडा फुगलो.

हे चिनी वकील म्हणजे कोण, ते सांगायला हवं. त्यांचं आडनाव लीन. मुंबईच्या एका पारशी शेटजींचा चीनशी व्यापार होता आणि त्यांची लीन साहेबांशी जुनी मैत्री होती. चीनची बादशाही बुडाली तेव्हा साहेब युरोपातल्या वकिलातीत होते. घरी जाण्याऐवजी ते शेटजींकडे उतरले आणि शेटजींनी त्यांना तुंगार्लीचा बंगला राहायला दिला. साहेबांची नजर अधू झाली होती. त्यांना इंग्रजी वर्तमानपत्र वाचून दाखवायला कोणी हवं होतं. मी तेव्हा नुकताच मॅट्रिक झालो होतो आणि लोणावळ्याच्या शाळेत लागलो होतो. शाळा सुटली की मी तुंगार्लीला जायचो. तीन-चार वर्षं गेलो. पुढे नागपूरची नोकरी मिळाली.

वाचन नावाला असायचं. एखाद्या बातमीत कुठल्या राजधानीचं नाव आलं की साहेब हात वर करायचे, मी पेपर घडी करायचो, आणि मग ते बोलायचे. त्यांचे वडील खेडेगावचे पंतोजी. साहेबांनी बादशहाच्या नोकरीसाठी परीक्षा दिली, तीही आपल्यासारखी बाकावर बसून नव्हे. परीक्षार्थीला एका खोपटात कोंडत, तिथेच जेवायचं, तिथेच झोपायचं, तिथेच निबंध लिहायचा. शेजारच्या खोपटातला एक म्हातारा सातव्यांदा बसला होता आणि लिहिताना रडत होता. साहेब पास झाले. घरी वाजतगाजत माणसं आली, तेव्हा आई इतकी घाबरली की मागच्या दाराने शेजारी पळाली.

मग परदेशी भाषा, मग परदेशी वकिलाती. पहिल्याच नेमणुकीत त्यांच्यावर काम आलं ते एका नमस्काराचं. त्यांच्या मुख्य वकिलाने परक्या राजापुढे किती वेळा वाकायचं, हा प्रश्न होता. राजाचे लोक म्हणत इतक्याहून कमी चालणार नाही, बादशहाचा हुकूम होता इतक्याहून जास्त नाही. तरुण लीन साहेब कित्येक आठवडे एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत नुसते येत-जात होते. शेवटी असं ठरलं की वकिलाने दारात एकदा वाकावं आणि पुढे गालिच्याच्या काठाशी जरा अडखळल्यासारखं करावं. त्या अडखळण्याला राजाने नमस्कार समजावं आणि बादशहाने अडखळणं समजावं. हे सांगताना साहेब डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचे.

पुढचं सांगताना हसत नसत. पुढची सगळी वर्षं करारांची. समोरचे मागत, यांनी नाही म्हणायचं, आणि शेवटी द्यायचं. "माझं आयुष्य 'नाही' हा शब्द गोड करण्यात गेलं," असं ते एकदा म्हणाले. मग एका सकाळी तार आली की बादशहा आता गादीवर नाही. साहेब नेहमीसारखे कपडे करून कचेरीत गेले, टेबलाशी बसले, आणि आपण कोणाच्या वतीने बसलो आहोत ते त्यांना आठवेना. दरबारी झगा आणि मोराचं पीस खोवलेली टोपी त्यांनी पेटीत ठेवली. ती पेटी घेऊन ते तुंगार्लीला आले.

लोणावळ्यातल्या लोकांना ते कोण हे कसं सांगायचं, हा माझा प्रश्न होता. मी तेव्हा बखरी वाचायचो. बखरीत एका दरबाराचा माणूस दुसऱ्या दरबारी असतो, त्याला वकील म्हणतात. मी छाती काढून सांगितलं, "हे चीनच्या बादशहाचे वकील." झालं. आठ दिवसांत बंगल्याच्या पायरीवर जमिनीची, बांधाची, सुनेच्या दागिन्यांची भांडणं घेऊन माणसं बसायला लागली. उंबरदऱ्याचा गेनू तिथे दूध घालायचा. त्याला मी समजावलं की हे कोर्टातले वकील नव्हेत. तो म्हणाला, मग कसले? मी म्हटलं, परक्या राजापुढे आपल्या राजाची बाजू मांडतात ते. गेनू म्हणाला, "म्हंजी वकीलच की."

दुधाचीही एक गंमत होती. साहेब बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा पीत. गेनूने ते पाहिलं आणि त्याचा जीव कळवळला. बादशाही गेली, आता चहात दूध टाकायचीही ऐपत राहिली नाही, असं त्याने गावात जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून दुधाचा एक जादा लोटा यायला लागला. साहेबांनी तो कधी परत पाठवला नाही. देणाऱ्याचा मान जातो म्हणत. बंगल्यातली मांजरं मात्र बघत राहावं अशी झाली.

आता त्या बंगल्यात दुसरंच कुणी बिऱ्हाड आहे. व्हरांड्याला जाळी लावली आहे, बाहेर दोरीवर पोहण्याचे कपडे वाळत होते. फाटकावरच्या माणसाने विचारलं, भाड्याने हवाय का, मोसमापुरताच मिळेल. मी म्हटलं, नुसता बघायला आलो. साहेब ज्या दगडी बाकावर बसायचे तो तसाच आहे. मी तिथे जरा टेकलो. फार भरून आलं, म्हणून लवकर उठलो.

उंबरदरा

डोंगर चढताना दोनदा बसलो. एकदा दमलो म्हणून आणि एकदा करवंदांची जाळी दिसली म्हणून. करवंदं अजून हिरवी होती, तरी खाल्ली. माथ्यावरून खाली उंबरदरा दिसतं. मध्ये भैरोबाचं देऊळ, देवळाच्या वरच्या अंगाला वरची वाडी, खालच्या अंगाला खालची वाडी. दोन्ही वाड्यांतून देवळाच्या दारापर्यंत एक रुंद वाट जाते. एवढ्याशा गावात इतकी रुंद वाट का, हे नवख्याला कळणार नाही. ती लीन साहेबांनी करवून घेतली.

वरच्या वाडीतला गेनू आता गेनूभाऊ झालाय. दूध घालणं त्याच्या लेकाकडे आहे. त्याने मला लांबूनच ओळखलं, कारण मी अजून छत्री खांद्यावर बंदुकीसारखी धरतो म्हणे. घोंगडी अंथरली, पाणी दिलं, आणि त्याच्या मंडळींनी ताट वाढलं. आंबेमोहोराचा भात, पिठलं, तांदळाची भाकरी, कैरीची चटणी. नागपूरकडे जेवायला बोलावतात तेव्हा ताटात जागा राहत नाही इतकं वाढतात. इथे थोडं वाढतात, पण ताट रिकामं होऊ देत नाहीत. शेवटी हिशेब सारखाच होतो. मी पोटभर जेवलो. जेवताना एकदाही मनात आलं नाही की मी काहीतरी घोटाळा करतोय.

सकाळी गेनूभाऊने जागा दाखवली. वरच्या वाडीच्या टोकाला एक थोरला आंबा आहे, त्याच्या पलीकडे एक सपाट तुकडा. तिथून समोर दरी आणि पलीकडचे डोंगर दिसतात. गेनूभाऊची वडिलोपार्जित जमीन. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे न्हाणी असं मी काठीने मातीत आखून पाहिलं. मला जागा इतकी आवडली की मी तिथल्या तिथे हो म्हणालो.

गेनूभाऊ माझ्या रेघांकडे बघत उभा होता. म्हणाला, "वकीलबाबांनीबी हितंच काठीनं रेघा मारल्या हुत्या."

मला हे नवीन होतं. मी विचारलं, कधी?

"जत्रेच्या आदी. दोन खोल्या बांदतो म्हनले. त्यांच्या बापाच्या घरामागनं आसाच डोंगुर दिसायचा म्हनं. मी बाला इचारलं, बा तयार झाला. आन जत्रा झाल्यावं गेलतो सांगाया, तर बाबा म्हनले, नको. का नको, ते सांगितलं न्हाई. आमचं काय चुकलं, ते मला आजून कळलं न्हाई."

मलाही कळलं नाही. साहेब मला सगळं सांगत असत असा माझा समज होता. थोडं वाईट वाटलं. पण सकाळ छान होती, घराची हौस मनात होती, मी ते बाजूला ठेवलं.

जत्रा दुसऱ्या दिवशी होती. उंबरदऱ्याच्या जत्रेत दोन्ही वाड्यांच्या काठ्या येतात. काठी म्हणजे उंच बांबू, त्याला रंगीत कापड गुंडाळलेलं, वर मोरपिसांचा तुरा. ती नाचवत नेऊन देवळाच्या शिखराला टेकवायची. जिची काठी आधी टेकेल त्या वाडीचा मान. यावरून पूर्वी असा मार झाला होता की खालच्या वाडीच्या धोंडीआबांच्या थोरल्या भावाचा एक डोळा गेला. मग जत्राच बंद पडली होती. देव वर्षानुवर्षं नुसता बसून होता.

ते भांडण दोन्ही वाड्यांनी तुंगार्लीला आणलं. वकीलच होते ना साहेब. वरची वाडी सकाळी आली, खालची दुपारी. मी लाजून दुभाष्याचं काम केलं. मला वाटलं साहेब हसतील. पण पुढे कोण जाणार, हे ऐकताच ते ताठ बसले. इतकी वर्षं निवांत बसलेल्या माणसाला स्वतःचं काम सापडलं होतं. त्यांनी दोन्ही वाड्यांना बारीकसारीक विचारलं. काठी कोणत्या खांद्यावर घेता, वाट किती रुंद, सनई कुणाची. आणि त्याच दिवशी माळ्याला सांगितलं की गेनूकडचा जादा लोटा चालू असेल तर खालच्या वाडीकडूनही एक लोटा यायला हवा. मला तेव्हा वाटलं, मांजरांची चंगळ.

त्यांचा तोडगा असा होता. पुढच्या जागेवरून भांडण असेल तर ती जागा भांडणाऱ्यांपैकी कोणालाच देऊ नये. पुढे पाहुणा जाईल, हातात नारळ घेऊन. त्याच्या मागे दोन्ही काठ्या जोडीने. पाहुणा पहिला असला की मागचे सगळे यजमान, आणि यजमानांत पहिला-दुसरा नसतो. जोडीने चालायला वाट अरुंद होती. ती प्रत्येक वाडीने आपल्या बाजूने रुंद करायची.

देवळाच्या ओट्यावर साहेबांसमोर बसून दोन्ही वाड्यांनी ते मान्य केलं. पाहुणा कोणाला म्हणायचं तेही म्हाताऱ्यांनी ठरवलं. ज्याचं गावात घर नाही, शेत नाही, सोयरीक नाही, तो. मी ते इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी मला 'घर' हा शब्द पुन्हा सांगायला लावला. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. मग तेव्हा तरुण असलेल्या धोंडीआबांनी त्यांना विचारलं, "वकीलबाबा, तुमी कुनाचं?" मी भाषांतर केलं. साहेब जरा थांबले आणि म्हणाले, "आता कोणाचाच नाही." मी ते मोठ्या आवाजात मराठीत सांगितलं आणि सगळे खूष झाले. मीही झालो.

जत्रेच्या दिवशी त्यांनी पेटी उघडली. निळा रेशमी झगा, टोपीला मोराचं पीस, आणि पाठीवर लांब वेणी. वेणी पाहून गावाने आधीच त्यांना मोठ्या शेंडीचे कुणी शास्त्रीबुवा ठरवलं होतं. आता मोरपीस पाहिल्यावर बायाबापड्यांना वाटलं, वासुदेव आला. सुपातून तांदूळ घेऊन त्या दारादारातून पुढे आल्या. मी शरमेने लाल झालो, त्यांना अडवायला धावलो. साहेबांनी मला हाताने थांबवलं. झग्याचा घोळ दोन्ही हातांनी पुढे धरला, प्रत्येकीपुढे वाकले आणि तांदूळ घेतले. किती वेळा वाकायचं, ते त्या दिवशी त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. भैरोबापुढे नारळ ठेवला. मागे दोन काठ्या एकदमच शिखराला टेकल्या.

त्यानंतर जोवर ते तुंगार्लीला होते तोवर दर जत्रेला पाहुणे तेच. पुढे शेटजींनी औषधपाण्यासाठी त्यांना मुंबईला नेलं, तिथेच ते गेले. मी तेव्हा नागपूरला होतो. बातमी पोचली तेव्हा सुतकाचे दिवसही सरले होते, आणि सुतक धरायचं तरी कोणत्या नात्याने, तेही कळेना.

देवळाचा ओटा

दुपारी देवळाच्या ओट्यावर दोन्ही वाड्या बसल्या होत्या. मी हौसेने गेलो आणि पाहिलं तर काठ्यांना तुरे बांधायचं सोडून लोक तोंडं फिरवून बसलेले. कोपऱ्यात लाठ्या उभ्या करून ठेवल्या होत्या, आणि त्या नाचवायच्या काठ्या नव्हत्या.

भांडण पाहुण्यावरून होतं. वकीलबाबांच्या मागे बरीच वर्षं रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारा एक सांधेवाला पाहुणा होत आला. मूळचा रत्नागिरीकडचा, लोणावळ्यात चाळीत राहणारा. त्याने यंदा माघात आपली मुलगी खालच्या वाडीत दिली. म्हणजे आता तो पाहुणा राहिला की नाही? खालची वाडी म्हणाली, राहिला, उलट जास्तच पाव्हणा झाला. वरची वाडी म्हणाली, तो आता गावाचा पाव्हणा नव्हे, तुमचा पाव्हणा. आपल्या भाषेत येणाऱ्यालाही पाहुणा म्हणतात आणि सोयऱ्यालाही. त्या एका शब्दात दोन्ही वाड्या अडकून बसल्या होत्या. दुसरी नावं निघाली. फॉरेस्टचा गार्ड वरच्या वाडीला नको, टांगेवाला खालच्या वाडीला नको. सांजेपर्यंत ठरलं नाही तर यंदा जत्रा नाही, आणि जत्रा नाही म्हटल्यावर लाठ्या होत्याच.

तेवढ्यात धोंडीआबांचं लक्ष माझ्याकडे गेलं. आता ते फार थकले आहेत. ते म्हणाले, वकीलबाबांच्या शेजारी उभं राहून त्यांचं बोलणं ज्याने आम्हाला सांगितलं, तो मास्तर हा. याच्याहून सोयीचा पाव्हणा कुठला? वरच्या वाडीने माना हलवल्या. खालच्याने हलवल्या. इतक्या लवकर त्या ओट्यावर काही ठरलं नव्हतं.

गेनूभाऊ माझ्याकडे बघत होता. जागेची गोष्ट आमच्या दोघांतच होती. त्याने तोंड उघडलं असतं तर मी पाहुणा झालो नसतो, आणि त्याने तोंड उघडलं नाही. त्याने ते माझ्यावर सोडलं.

धोंडीआबांनी विचारलं, "मास्तर, तुमचं गावात घर, शेत, सोयरीक?"

मी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मंग तुमी कुनाचं, ते सांगा म्हंजी झालं."

त्याच ओट्यावर तोच माणूस तोच प्रश्न विचारत होता. आणि इतक्या वर्षांनी मला कळलं की साहेबांनी 'घर' हा शब्द पुन्हा का सांगायला लावला होता. त्यांना नीट ऐकू आलं होतं. आंब्याखाली त्यांच्या दोन खोल्या आखून झाल्या होत्या. गेनूभाऊच्या बापाचा होकार यायचा होता. त्यांनी बाकीचं आयुष्य दुसऱ्यांची बाजू मांडण्यात घालवलं होतं, हे एकच स्वतःसाठी मागितलं होतं, आणि ते सोडायचं की नाही हे त्यांनी तेवढ्यात, माझ्या भाषांतराच्या मधल्या वेळात ठरवलं. मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा होतो. मी ते आनंदाने ओरडून सांगितलं होतं.

मला राग आला, हे लपवत नाही. गावाचा, साहेबांचा, त्या रुंद वाटेचाही. मी कोणाचा वकील नव्हतो, मी साधा पेन्शनर होतो, मला दोन खोल्या हव्या होत्या. आज इथे सांगितलं असतं की मी तुमचाच, परवा जागा घेतोय, तर कोणी मला हाकललं नसतं. वरच्या वाडीने आनंदाने घर बांधू दिलं असतं. आणि त्या घराच्या पडवीत बसून मी दर वर्षी बंद पडलेली जत्रा पाहिली असती.

मी म्हणालो, "कोणाचाच नाही."

ओटा हलका झाला. मला वाटलं, संपलं. पण खालच्या वाडीतून कुणीतरी म्हणालं, मास्तर काल गेनूकडं जेवले ते? ताबडतोब पुन्हा गलका. साहेबांच्या त्या दुसऱ्या लोट्याचा अर्थ मला आता लागला, पण उशिरा. मी उभा राहिलो आणि म्हणालो, आत्ताच्या आत्ता धोंडीआबांकडे जेवतो. पोटात कणभर जागा नव्हती. आबांच्या सुनेने भाकरी थापली, काळ्या वाटाण्याचं कालवण वाढलं. खालच्या वाडीचे चार लोक दारात उभे राहून मी गेनूकडे जितकं खाल्लं तितकं इथे खातो की नाही ते पाहत होते. तिसरी भाकरी मी देशसेवा म्हणून संपवली.

शीव

जत्रेचं वर्णन थोडक्यात करतो. मला डोक्याला फेटा बांधला, कपाळावर भंडारा लावला, हातात नारळ दिला. सनई-ताशा सुरू झाला. मी त्या रुंद वाटेवरून एकटा पुढे चालत होतो आणि मागे दोन काठ्या नाचत येत होत्या. मागे वळून बघायचं नाही, असं मला बजावलं होतं. बघितलं तर पाहुण्याचा डोळा एका बाजूला पडला असं होतं. त्यामुळे ज्या जत्रेसाठी मी एवढं केलं, तिच्यातलं मी देवळाचं दार सोडून काही पाहिलं नाही. फक्त शिखराला दोन काठ्या लागल्याचा आवाज ऐकला. एकच आवाज आला.

एक रीत मला आठवत नव्हती. नारळ फुटला, प्रसाद झाला, की दिवस मावळायच्या आत पाहुण्याला शिवेपर्यंत घालवायला जातात. दोन्ही वाड्या, वाद्यांसह. पाहुण्याने त्या दिवशी गावात मुक्काम करायचा नाही. मला इतक्या मानाने कोणी कुठून घालवलेलं नाही. नागपूरच्या शाळेने पेन्शनीवर पाठवताना हार आणि घड्याळ दिलं होतं, पण दारापर्यंत कोणी आलं नव्हतं. बायांनी पिशवीत तांदूळ घातले, आंबेमोहोर. कुणीतरी कैऱ्या दिल्या. धोंडीआबा काठी टेकत शिवेच्या दगडापर्यंत आले आणि म्हणाले, दर साल यायचं, आता दुसरा बघायचा नाही. मी बरं म्हटलं.

वाटेत आंबा लागला. त्याच्यापलीकडे कालच्या माझ्या रेघा अजून दिसत होत्या. कोंबड्या त्यांतून चालत होत्या.

गेनूभाऊ शिवेपलीकडे चार पावलं माझ्याबरोबर आला. छत्री माझ्या हातात दिली. वकीलबाबा तेव्हा जागेला नको का म्हणाले, ते आता त्यालाही कळलं होतं. तो म्हणाला, जागा मी कुणाला देत नाही, तशीच ठेवतो. मी विचारलं, कशाला? तो म्हणाला, साल-दर-साल आलात की बसायला. मग म्हणाला, आता घरला जाल न्हवं?

"व्हय," मी म्हणालो. कसं तोंडून गेलं कोण जाणे. जन्मात मी तसं बोललो नव्हतो.

गेनूभाऊ हसला, आणि त्याचे डोळे भरले. "मास्तर," तो म्हणाला, "तुमी तर आमच्यातलंच झालात की."

मी त्याच्या हातावर हात ठेवला. दगडापलीकडे दोन्ही वाड्या अजून उभ्या होत्या.

"गेनू, हळू बोल," मी म्हणालो. "धोंडीआबांना ऐकू जाईल."